कोड वाचा, म्हणजे कळेल!

माझ्या हातात सत्ता आली तर मी तीन वाक्यांवर कायद्याने बंदी घालीन. पहिले, 'अंदाजानं घाल.' दुसरे, 'पुढं गेलात की कुणीही सांगेल.' ही दोन तुमच्याही ओळखीची असतील. पहिल्या वाक्याने आमच्या घराण्यातले रव्याचे लाडू एका पिढीत संपवले. मावशीला किती वेळा विचारले, की अगं, पाक गॅसवर ठेवायचा तरी किती वेळ? ती म्हणे, "अंदाजानं. झाला की कळतं." तिला कळत होते. आम्हाला एवढेच कळले, की पाक चुकला तर लाडू फोडायला बत्ता लागतो. दुसऱ्या वाक्याने मला सदाशिव पेठेत मे महिन्याच्या भर दुपारी दीड तास हिंडवले. मी पुढे गेलो. पुढे एकच गृहस्थ भेटले, आणि तेही तोच पत्ता शोधत होते.

तिसरे वाक्य आमच्या धंद्यातले आहे. मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. या धंद्यात कोणी काही अडचण विचारली, की जाणता माणूस खुर्चीत मागे रेलतो, डोळे अर्धवट मिटतो आणि म्हणतो, "कोड वाचा, म्हणजे कळेल." हा लेख म्हणजे त्या वाक्याविरुद्ध माझी फिर्याद आहे. फिर्याद ऐकता ऐकता आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभा आहे हे दिसले, तर वाचकांनी कृपया हसू आवरावे.

फिर्यादीचा मुद्दा समजायला थोडी पूर्वपीठिका लागेल. प्रोग्रॅम लिहिणारी वीस माणसे एकाच कामावर बसली, की कोणी काय बदलले, केव्हा बदलले आणि कशासाठी बदलले याची एक वही ठेवावी लागते. नाहीतर सोमवारी लिहिलेले मंगळवारी दुसराच पुसतो आणि बुधवारी दोघेही तिसऱ्याकडे बोट दाखवतात. ही वही ठेवणाऱ्या अवजाराला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. 2005 सालच्या एप्रिलमध्ये, लिनक्सच्या मंडळींना बिटकीपर नावाचे असे एक अवजार फुकटात मिळेनासे झाले, तेव्हा त्याच महिन्यात दोन नवी अवजारे जन्माला आली. एक गिट, जे आज घरोघरी आहे. दुसरे मर्क्युरियल, ऑलिव्हिया मॅकॉल यांनी सुरू केलेले. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याची रसायनशास्त्रातली खूण एचजी. म्हणून या अवजाराची आज्ञाही दोनच अक्षरांची, 'एचजी'. पाऱ्यासारखेच ते चपळ आहे, आणि सांडले की गोळा करणे तितकेच कठीण आहे.

या मर्क्युरियलला जोडकामे करता येतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मूळ घर तेच ठेवायचे आणि मागे एक पडवी काढायची, असा प्रकार. काही पडव्या अवजाराबरोबरच मिळतात, काही आपण बांधायच्या. पडवी उघडायची असेल तर एका फायलीत तिचे नाव लिहायचे, पुढे बरोबरची खूण काढायची आणि त्यापुढे काहीच लिहायचे नाही. बंद करायची असेल तर उद्गारचिन्ह टाकायचे. इतके सोपे. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे आहे.

खरा प्रश्न त्यानंतर येतो. अवजार सुरू झाले की या सगळ्या पडव्या कोणत्या क्रमाने कामाला लागतात? कोणाला आधी हाक मारली जाते, कोणाला नंतर, आणि किती वेळा?

हे लग्नघरासारखे आहे असे समजा. पहिल्यांदा नुसती हजेरी. यादीतला प्रत्येक पाहुणा येतो आणि बॅग ठेवतो. एखादा आलाच नाही, तर मर्क्युरियल तीन तारका काढून 'अमका आला नाही' असे पडद्यावर जाहीर करते आणि लग्न पुढे चालू ठेवते. आमच्याकडच्या लग्नांत हा समजूतदारपणा मला अजून दिसलेला नाही. सगळे आले की दुसरा टप्पा, 'यूआयसेटअप'. प्रत्येकाला बोलावून घर दाखवायचे आणि स्वतःपुरती मांडामांड करून घ्या म्हणायचे. सगळ्यांची मांडामांड झाली की तिसरा, 'एक्स्टसेटअप'. म्हणजे एका पाहुण्याचे काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर त्याने आता मागे वळून पाहावे, की मामा आलेत का, आले असतील तर त्यांचे सामान लागले का. हे सगळे एका लग्नाला एकदाच. आणि मग 'रेपोसेटअप'. रेपो म्हणजे रिपॉझिटरी, ती बदलांची वही. अशी एक वही उघडली की सगळ्या पाहुण्यांना पुन्हा एकदा हाक. दोन वह्या उघडल्या तर दोन हाका. एकही उघडली नाही, नुसती आवृत्ती विचारून परत गेलात, तर एकही हाक नाही. म्हणजे रेपोसेटअप ही पंगत आहे. मांडव लग्नाला एकदा घालायचा असतो, पान मात्र प्रत्येक पंगतीला वाढायचे असते.

मांडव आणि पंगत यांतला हा फरक तुम्हाला आता चार ओळींत कळला. मला तो कळायला 2011 सालातले तीन आठवडे लागले.

हिंजवडीतल्या एका कचेरीत मी तेव्हा होतो. साहेबांना इच्छा झाली की कोणीही वहीत नवा बदल आणून टाकला की आपल्याला मेल यावा. काम माझ्याकडे आले. मी मोठ्या हौसेने पडवी बांधली. नवे बदल आत घेणारे मर्क्युरियलचे जे मूळ फंक्शन, त्याला मी माझे आवरण चढवले, म्हणजे बदल आत गेला की मेल सुटेल. हे आवरण चढवायचे कुठे? चार दरवाजे दिसत होते. मी नावावरून निवडले. वहीचे काम, तर रेपोसेटअप. (याला हुक नावाचा सरळ रस्ता आहे, असे जाणकार म्हणतील. तोही मला कोणी सांगितला नव्हता.)

सोमवारी सकाळी पहिला बदल आला. साहेबांना एक मेल गेला. साहेब खूष. दुसऱ्या बदलाला दोन मेल गेले. तिसऱ्याला तीन. साहेबांना वाटले मी जास्त तत्परता दाखवतो आहे. संध्याकाळपर्यंत वीस बदल झाले आणि विसाव्या बदलाचे वीस मेल गेले. एक ते वीसची बेरीज शाळेत केली असेल, 210 होते. रात्री सर्व्हर बंद करून चालू केला, आणि मंगळवारी सकाळी पुन्हा पहिल्या बदलाला एकच मेल. साहेब म्हणाले, "झालं बरं का दुरुस्त." दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावले.

काय होत होते ते आता तुमच्या लक्षात आले असेल. वहीत बदल झाला की सर्व्हर वही नव्याने उघडत होता, म्हणजे नवी पंगत बसत होती, आणि मी प्रत्येक पंगतीला जुन्या मांडवावर नवा मांडव चढवत होतो. विसाव्या पंगतीला वीस मांडव. मला मात्र तेव्हा मांडवही दिसत नव्हता आणि पंगतही. फक्त साहेबांचा चेहरा दिसत होता.

मी आमच्या कचेरीतल्या ऋषींकडे गेलो. खरे नाव वेगळे होते, पण दाढी होती आणि कोपऱ्यातली जागा होती. त्यांना मी म्हटले, "अहो, हे रेपोसेटअप नक्की केव्हा बोलावलं जातं?"

ऋषींनी डोळे अर्धवट मिटले.

"अरे, सगळं उघडं आहे. कोड वाच, म्हणजे कळेल."

मी वाचला. पायथॉनमध्ये लिहिलेला आहे, तेव्हा अक्षरओळख होती. पण कोड वाचून क्रम कळणे म्हणजे रेल्वेच्या रुळांकडे पाहून गाडीची वेळ कळण्यासारखे आहे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्या फायलीतल्या चौथ्याला. त्या सबंध वाचनात मला खरा आधार मिळाला तो एका ओळीचा. एक्स्टसेटअपला हाक मारण्याच्या जागी एक विचित्र प्रकार होता. आधी हाकेबरोबर 'यूआय' नावाची वस्तू हातात द्यायची, आणि समोरचा हात पुढे करायलाच तयार नसेल तर पुन्हा रिकाम्या हाताने हाक मारायची. हे काय गौडबंगाल म्हणून मी अर्धा तास बसलो. मग दिसले, की शेजारी कोणा पुण्यवानाने टीप लिहिली आहे, हे जुन्या पद्धतीच्या, यूआय न घेणाऱ्या एक्स्टसेटअपसाठी आहे. पाच-सहा शब्द! अर्ध्या तासाचे कोडे त्यांत सुटले. आता मला सांगा, मला हे कळले ते कोड वाचून, की कोडाशेजारी माणसाने माणसासाठी लिहिलेले वाचून?

या विषयावर मी अनेकांशी भांडलो आहे. समोरून तीन युक्तिवाद येतात.

पहिला असा, की कोड कधी खोटे बोलत नाही, कागद शिळा होतो. ऐकायला भारदस्त आहे. पण कोड फक्त आज काय घडते ते सांगतो. उद्या कशावर विसंबून राहावे हे सांगत नाही. एके काळी मर्क्युरियलमध्ये पडवी आत आली रे आली की लगेच तिचे यूआयसेटअप उरकून टाकत. म्हणजे फायलीतल्या नावांचा क्रम बदलला की निकाल बदलला. पुढे शहाणपण येऊन टप्पे पाडले गेले, आधी सगळ्यांची हजेरी, मग सगळ्यांची मांडामांड. जुन्या काळात ज्याने कोड वाचला त्याने खरेच वाचले होते. पण त्याने वाचला तो योगायोग, आणि घर बांधले त्या योगायोगावर. वेळापत्रक छापलेले असले की गाडी वेळेवर येते असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण वेळापत्रक छापलेलेच नसेल तर गाडी उशिरा आली असे म्हणण्याचा हक्कही प्रवाशाला उरत नाही. जी येईल ती गाडी, आणि जेव्हा येईल ती वेळ. लिहिलेले नसले की चूक कोणाची हे ठरवायलाच जागा राहत नाही, आणि जागा नसली की चूक नेहमी सगळ्यांत नव्या माणसाची ठरते.

दुसरा युक्तिवाद, वेळ नाही. हा युक्तिवाद करणाऱ्या माणसाला मी क्रिकेटवर दोन तास बोलताना ऐकले आहे.

तिसरा युक्तिवाद उघड कोणी करत नाही, तो पोटात असतो. सगळे लिहून ठेवले तर मग मला कोण विचारणार? आमच्याकडे औषधाची मात्रा, गाण्यातली चीज आणि मसाल्याचे प्रमाण पिढ्यानपिढ्या अशीच झाकून ठेवली गेली. पूजेचे मात्र तसे नाही, हे कबूल केले पाहिजे. सत्यनारायणाची पोथी काढा. आधी काय, मग काय, पळीत पाणी केव्हा, अक्षता केव्हा, सगळे ओळीने लिहिलेले आहे. 'पूजा बघा, म्हणजे कळेल' असे एकाही पोथीत छापलेले नाही. म्हणून ऐन वेळी गुरुजी आले नाहीत तरी घरातला बारावीतला मुलगा अडखळत का होईना, पूजा पार पाडतो.

बरे, मर्क्युरियलवाल्यांवर मी हा आळ घेत नाही. पडवी लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी पान केलेले आहे, टप्पे ओळीने दिलेले आहेत. मला ते सापडले तीन आठवडे संपल्यावर, कारण ऋषींनी दाखवलेल्या रस्त्यावर ते लागत नव्हते. माझे भांडण आहे ते आमच्या कचेरीशी. तोपर्यंत आमच्या स्वतःच्या पडव्या अकरा झाल्या होत्या. त्यांतली कोणती कोणावर टेकलेली आहे, कोणी मांडवाच्या वेळी काम करते आणि कोणी पंगतीच्या, हे जगातल्या कोणत्याही पानावर सापडणार नव्हते. ते आमच्यापैकीच कोणीतरी लिहायला हवे होते.

आता फिर्यादीतला अवघड भाग आला.

तीन आठवड्यांनी मला सगळे कळले. मेल एक झाले, साहेब निवळले. आणि मी ते लिहून ठेवले का? नाही. वेळ नव्हता. खरे सांगायचे तर मजा येत होती. दीड-दोन वर्षांत कचेरीतली चार माणसे माझ्या टेबलाशी आली, घुटमळली, "जरा विचारायचं होतं" म्हणाली. त्यांतल्या दोघांनी चहा पाजला. माणसाला महत्त्व फार थोड्या गोष्टींनी मिळते. माझे रेपोसेटअपने मिळत होते.

2014 मध्ये एक नवी मुलगी आली. लातूरची, पहिलीच नोकरी, सहा महिन्यांच्या अजमायशीवर. तिला काम मिळाले, की नवा बदल आला की चाचण्या आपोआप सुरू व्हाव्यात. एका संध्याकाळी मी बस गाठायच्या घाईत होतो आणि ती टेबलाशी आली.

"सर, हे रेपोसेटअप कितीदा बोलावलं जातं?"

मी घड्याळाकडे पाहिले. आणि वाचकहो, मी खुर्चीत मागे रेललो.

"कोड वाच, म्हणजे कळेल."

तीन आठवड्यांनी, गिऱ्हाइकाला माल द्यायच्या आदल्या दिवशी, आमचा सर्व्हर बसला. पहिल्या बदलाला एकदा चाचण्या, दुसऱ्याला दोनदा, आणि त्या दिवशी तर बदलांचा पाऊस होता. पुढे सांगत नाही. बैठक बसली. कोड कोणाचा, असा प्रश्न निघाला. वहीत नाव असतेच, त्याचसाठी तर ती वही. नाव तिचे होते. तिने मान खाली घातली. मी चहाच्या कपात पाहत बसलो. तिने मला विचारले होते याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. साहेब म्हणाले, "अहो, मग आधी का नाही लिहून ठेवलंत?" तोपर्यंत तिची अजमायश तीन महिन्यांनी वाढल्याच्या कागदावर सही झाली होती. सही झालेला कागद कधी शिळा होत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री मी बसून पान लिहिले. चार टप्पे. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: केव्हा हाक येते, कितीदा येते, आणि त्या वेळी हातात काय असते. खाली आमच्या पडव्यांची यादी, कोण कोणावर टेकली आहे. आणि ठळक अक्षरांत एक ओळ: सगळ्यांना लागू पडणारे आवरण यूआयसेटअप किंवा एक्स्टसेटअपमध्ये चढवा, रेपोसेटअपमध्ये फक्त समोरच्या त्या एका वहीपुरता बदल करा. दीड पान झाले. साडेतीन तास लागले. तीन वर्षे जे लिहायला वेळ नव्हता ते साडेतीन तासांत झाले, आणि त्यांतला अर्धा तास मी समास नीट करत होतो.

सकाळी ते पान मी तिला दाखवले, थोडे माफी मागितल्यासारखे, थोडे शाबासकीच्या आशेने. तिने शांतपणे वाचले आणि म्हणाली, "सर, दुसऱ्या मशीनवरची वही नेटवरून उघडली तर? तेव्हाही हाक येते का?"

मला माहीत नव्हते. तीन वर्षे ज्या विषयावर मी चहा प्यालो तो मला अर्धाच माहीत होता, आणि लिहिले नसते तर तसाच राहिला असता. तिने तपासून पाहिले. आम्ही वापरत होतो त्या आवृत्तीत येत होती, तेव्हा आधी वही घरची की बाहेरची हे विचारून घेणे भाग होते. तिने ती ओळ पानात घातली. लाल शाईत नव्हे, पण मला लालच दिसली.

तुम्ही म्हणाल, आता हे सगळे कशाला उगाळता? पायथॉन भाषेच्या लोकांनी 2017 मध्ये मर्क्युरियल सोडून गिट धरले, बिटबकेटने 2020 मध्ये त्याला घराबाहेर काढले. खरे आहे. आमची कचेरीही गिटवर गेली. परवा तिथल्या जुन्या मित्राचा फोन आला होता. गिटला त्यांनी स्वतःच्या काही पडव्या जोडल्या आहेत, आणि त्या कोणत्या क्रमाने चालतात हे फक्त एका माणसाला माहीत आहे. तो माणूस सध्या रजेवर आहे. तेव्हा पारा गेला असला, तरी ताप आहे तसाच आहे.

म्हणून मी माझा कायदा थोडा सुधारून घेतला आहे. 'अंदाजानं घाल' आणि 'पुढं गेलात की कुणीही सांगेल' यांना मी माफी देतो. मावशी आता नाही, आणि सदाशिव पेठेत मी आता जात नाही. तिसऱ्या वाक्याला मात्र शिक्षा आहे. 'कोड वाचा' असे जो म्हणेल त्याने त्याच रात्री घरी बसून एक पान लिहायचे: केव्हा, कितीदा, हातात काय. मी माझे दीड पान भरून सुटलो आहे. बाकीच्यांनी रांगेत यावे. रांगेत आधी कोण आणि मग कोण, हे मी दारावर लिहून लावले आहे.